‘कोणीही’ आणि शेवटी येणारं ‘नाही’

तत्त्वज्ञानाच्या माणसाला उमरीत बोलावलं आणि तो इंग्रजी व्याकरणावर बोलायला उभा राहिला, असं काहींना वाटेल. पण ‘कोणी’, ‘काही’, ‘सगळे’, ‘एकही’ हे शब्द तर्कशास्त्राचा पायाच आहेत. बर्ट्रांड रसेलने 1905 साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याची सुरुवातच मुळी अशा शब्दांपासून होते. तेव्हा विषय मी बदललेला नाही, फक्त दार वेगळं उघडतोय.

आपल्या भागातली मुलं इंग्रजी बोलू लागली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘एनीबडी डिड नॉट कम.’ मुलाखत घेणारा हसतो, मुलगा गोरामोरा होतो, आणि पुढे चार वर्षं तोंड उघडत नाही. हे मला फार लागतं. कारण त्या मुलाची चूक अडाणीपणाची नाही. त्याने मराठीचं व्याकरण अगदी चोख पाळलेलं असतं, ते दुसऱ्या भाषेत, एवढंच.

बघा, मराठीत क्रियापद शेवटी. म्हणून नकारही शेवटी. ‘कोणीही आलं नाही.’ तुम्ही ‘कोणीही’ म्हणालात, इथपर्यंत ऐकणाऱ्याला पत्ता नसतो की तुम्ही काय म्हणणार आहात. ‘कोणीही येऊ शकतं’ म्हणालात तर दार सगळ्यांना उघडं. ‘कोणीही आलं नाही’ म्हणालात तर खोली रिकामी. शब्द एकच, अर्थ दोन टोकांचे, आणि ठरवतं कोण? मागून येणारं क्रियापद. म्हणजे आपल्याकडे सर्वनाम आधी बसतं आणि अर्थासाठी क्रियापदाची वाट बघतं. आपल्याला ती वाट बघायची सवय आहे, त्यामुळे त्रास होत नाही.

इंग्रजीत हा क्रम उलटा. तिथे ‘एनीबडी’, ‘एनीथिंग’ हे शब्द नकारी अर्थाने यायचे असतील तर नकार त्यांच्या आधी होऊन गेलेला असावा लागतो. ‘आय डिडन्ट सी एनीबडी’: आधी ‘डिडन्ट’, मग क्रियापद, मग ‘एनीबडी’. हे बरोबर. पण ‘एनीबडी’ कर्त्याच्या जागी, सगळ्यांच्या आधी जाऊन बसलं, तर नकार त्याच्यापर्यंत मागे पोचत नाही. अशा वेळी नकार कर्त्यातच घालावा लागतो: ‘नोबडी केम’. आणि ‘एनीबडी कॅन कम’ मात्र चालतं, कारण तिथे नकारच नाही, ते आपलं ‘कोणीही येऊ शकतं’. एवढं एक ध्यानात ठेवलं की निम्मी अडचण संपते: क्रियापदाच्या मागून ‘एनी’, क्रियापदाच्या आधी ‘नो’.

‘आय डिडन्ट सी नोबडी’ असंही काही जण म्हणतात. प्रमाण इंग्रजीत ते आज चालत नाही, हे खरं. पण चौसरच्या काळच्या इंग्रजीत असे दुहेरी नकार सर्रास होते आणि इंग्रजीच्या अनेक बोलींत आजही आहेत. म्हणजे परीक्षेत टाळा, पण बोलणाऱ्याला मूर्ख समजू नका.

आता दुसरी गंमत, आणि ही उमरीत बसूनच समजते. मुदखेडहून गाडी निघाली की उमरी, पुढे धर्माबाद, आणि मग तेलंगणातलं बासर. आपल्या बाजारात मराठी, दखनी आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानावर पडतात. समजा दारावर थाप पडली. बाहेर बाई आहे की बुवा, एक आहे की चार, माहीत नाही. मराठी घरातून आवाज येतो, ‘कोणीतरी आलंय.’ नपुंसकलिंगी! दखनी बोलणारा म्हणेल, ‘कोई आया.’ पुल्लिंगी एकवचन. तेलुगू घरात म्हणतील, ‘एवरो वच्चारु.’ हे ‘वच्चारु’ म्हणजे आपल्या ‘आले’सारखं, अनेकवचनी किंवा आदरार्थी. थाप एकच, माणूस तोच न दिसलेला. मराठी म्हणते, लिंग आत्ता ठरवत नाही. दखनी पुरुष धरून चालते. तेलुगू आधी मान देऊन टाकते. मला विचाराल तर मराठीची सोय सगळ्यांत प्रामाणिक. जे माहीत नाही ते क्रियापदाने सांगायचं नाही.

नकाराच्या बाबतीत मात्र आपले हे सगळे शेजारी एका बाजूला. तेलुगूत ‘एवरू रालेदु’, दखनीत ‘कोई नहीं आया’, मराठीत ‘कोणी आलं नाही’. नकार सगळीकडे क्रियापदाकडे. ‘नोबडी’सारखा एकसंध, स्वतःच नकार पोटात घेतलेला शब्द यांच्यापैकी कोणाकडे नाही. म्हणूनच लुईस कॅरलच्या 1871 सालच्या पुस्तकातला विनोद मराठीत सांगता येत नाही. ॲलिस म्हणते, रस्त्यावर मला ‘नोबडी’ दिसतोय. राजाला तिच्या नजरेचा हेवा वाटतो, की इतक्या लांबून हिला ‘नोबडी’ नावाचा गृहस्थ दिसला! होमरचा ओडिसियसही एकाक्ष राक्षसाला आपलं नाव ‘कोणी नाही’ असंच सांगतो आणि सुटतो. मराठीत ‘मला कोणी मारत नाही’ म्हटलं की ‘नाही’ क्रियापदाकडे निघून जातं आणि तो राक्षस नुसताच सुखी वाटायला लागतो.

आपल्या न्याय-वैशेषिकांनी अभाव हा वेगळा पदार्थच मानला, पण अट घातली: अभाव नेहमी कशाचा तरी असतो, आणि कुठेतरी असतो. जमिनीवर घड्याचा अभाव. नुसता, बिनमालकीचा अभाव नाही. ‘नोबडी’ला त्यांनी गृहस्थ होऊ दिलं नसतं.

‘एव्हरीबडी आर’ ही चूकही अशीच घरची. आपण मनात ‘सगळे आले’ म्हणतो, अनेकवचन. इंग्रजीतलं ‘एव्हरीबडी’ हे ‘प्रत्येकजण’ आहे, म्हणून ‘एव्हरीबडी इज’. ‘सगळे’साठी ‘ऑल’, तिथे ‘आर’. ‘नन’ला मात्र दोन्ही चालतात. ‘नन’ एकवचनीच हवं हा आग्रह चुकीचा, असं फाउलरने 1926 मध्येच लिहून ठेवलंय.

पण ‘सगळे’च्या बाबतीत आपण मराठीतही सांभाळायला पाहिजे. इतिवृत्तात लिहितात, ‘सगळ्यांनी सह्या केल्या नाहीत.’ याचा अर्थ काय? एकानेही केली नाही, की काहींनी केली आणि काहींनी नाही? बोलताना आपण ‘सगळ्यांनी नाही केल्या’ असं नकार पुढे ओढून अर्थ साफ करतो. कागदावर तो हेल नसतो. ठराव मंजूर की नामंजूर हा वाद मग तिथून सुरू होतो. ‘एकानेही केली नाही’ किंवा ‘काहींनी केल्या नाहीत’ असं लिहा, वाद आधीच मिटतो.

एका विद्यार्थिनीची चिठ्ठी आलीय: ‘एव्हरीबडी शुड ब्रिंग हिज बुक’ की ‘देअर बुक’? जुन्या पुस्तकांत ‘हिज’ सापडेल. आपल्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं तेरावं कलमही सांगतं, की पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धरायच्या. कायद्याचं ते ठीक. पण एकट्या माणसासाठी ‘दे’, ‘देअर’ हा वापर इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, आणि ‘एव्हरीबडी हॅज कम’ला मागे जोडायचं शेपूट आजही ‘हॅवन्ट दे?’ हेच. तेव्हा बाई, तुम्ही बेलाशक ‘देअर’ लिहा. पेपर तपासणाऱ्याने लाल रेघ मारली तर त्याला हे शेपूट जोडून दाखवायला सांगा.