दुबईची खरेदी आणि चार तोळ्यांचा हिशेब

चार दिवसांच्या दुबई सहलीत तीन दिवस टूर कंपनीचे असतात. बुर्ज खलिफा, वाळवंटातली जीपची सफर, बोटीवरचे जेवण वगैरे वगैरे. चौथा दिवस मात्र मोकळा. पत्रकात त्यापुढे एकच शब्द छापलेला असतो : खरेदी! आणि नवरा-बायकोची खरी सहल इथूनच सुरू होते.

नाशिकच्या एका जोडप्याचेच पाहा. साहेब बँकेतून निवृत्त झालेले, बाई घर सांभाळणाऱ्या, लेकीचे लग्न हिवाळ्यात. साहेबांच्या डायरीत यादी तयार : केशर, खजूर, अत्तर, व्याह्यांसाठी काही तरी. बाईंच्या पर्समध्ये मात्र भिशीचे आणि घरखर्चातून मागे टाकलेले पैसे होते, आणि मनात एकच वस्तू. चार तोळ्यांच्या पाटल्या!

खाडीपलीकडचा बाजार

दोघे सकाळीच बर दुबईच्या धक्क्यावर पोहोचले. तिथून ‘अब्रा’ नावाची लाकडी होडी खाडी ओलांडून देराला नेते. भाडे माणशी अवघा एक दिरहम. पलीकडे उतरले की आधी मसाल्यांचा बाजार लागतो. केशराच्या डब्या, वाळवलेली काळी लिंबे, ऊद, पोत्यांत रचलेल्या गुलाबकळ्या. दुकानदार हिंदीत हाका मारतात. इथे साहेबांची यादी अर्ध्या तासात निकालात निघाली, तीही घासाघीस करून.

पुढे लाकडी छपराखालचा सोन्याचा बाजार. तिथे ‘नज्मत तैबा’ नावाची सुमारे 64 किलोंची अंगठी काचेमागे ठेवली आहे. बाईंनी तिच्याकडे ओझरते पाहिले आणि थेट पाटल्यांच्या काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सोने, दुबई आणि आपण हे नाते जुनेच. एके काळी आखातात आपला रुपया चाले. पण त्याच रुपयांनी सोने घेऊन ते चोरून भारतात आणले जाई आणि परकीय चलनाला गळती लागे. म्हणून 1959 मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढावा लागला. दुबईतून तोही 1966 मध्ये गेला. पुढे 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला, तो 1990 मध्ये रद्द झाला. कायदे आले-गेले, ‘दुबईचं सोनं स्वस्त’ हे वाक्य मात्र घराघरांत टिकून राहिले.

‘कोण विचारतंय?’

‘‘शेजारच्या वहिनींनी आणल्याच की! हातात घालून आल्या. कोण विचारतंय?’’ बाई म्हणाल्या.

‘‘विचारलं नाही म्हणजे चालतं, असं नाही गं,’’ साहेबांनी नियम सांगितला. दागिन्यांची खास शुल्कमाफी वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. पुरुषाला 20 ग्रॅम, स्त्रीला 40 ग्रॅम. ‘‘आपण इथं राहिलो किती? चार दिवस!’’

मग दुकानातल्या स्टुलावर बसून कागदावर आकडेमोड झाली. 24, 22, 21 आणि 18 कॅरेटचे दर पाटीवर लिहिलेले असतात, त्यांत घासाघीस नाही. ती करायची घडणावळीत. त्यावर 2018 पासून 5 टक्के व्हॅट. पर्यटकाला तो परत मिळतो, पण पुरता नाही. शिवाय भारताने जुलै 2024 मध्ये सोन्यावरचे आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले, तेव्हाच दोन्हीकडच्या दरांतली तफावत बरीच आटली होती. आता मुंबईत उतरल्यावर प्रवाशाला भरावे लागणारे शुल्क मांडले आणि उरलासुरला फायदाही संपला. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाने खाली दोन रेघा मारल्या. हिशेब बरोबर होता. बाईंनी पाटल्या हातातून उतरवून ठेवल्या.

होडीतले बोलणे

परतीच्या होडीत बाई गप्प होत्या. साहेब समजूत घालू लागले, ‘‘लेकीला आपल्या सराफाकडूनच करू की.’’

‘‘लेकीचं सगळं झालंय हो. त्या माझ्यासाठी होत्या.’’

फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी बाईंनी माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या. ‘पुढच्या वर्षी करू’ असे तेव्हा ठरले होते. मग मुलांची शिक्षणे, सासूबाईंचे आजारपण आणि एकेक पुढचे वर्ष. फ्लॅटचे कर्ज फिटल्याची तारीख साहेबांना तोंडपाठ होती. पाटल्या मात्र ते विसरून गेले होते.

‘‘मग आजवर बोलली का नाहीस?’’

‘‘स्वस्त पडताहेत म्हटलं, तर तुम्ही नाही म्हणणार नाही, असं वाटलं.’’

साहेबांना यावर उत्तर सुचले नाही. धक्का जवळ आला तेव्हा त्यांनी डायरी काढली. खरेदीच्या यादीत सगळ्याच नावांपुढे खुणा झाल्या होत्या. त्यांनी खाली नवी ओळ लिहिली : पाटल्या, चार तोळे, सराफ बाजार, नाशिक. त्यापुढे घरी पोहोचल्यानंतरच्या पहिल्या शनिवारची तारीख घातली आणि डायरी बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती वाचली आणि भिशीच्या पैशांशेजारी पर्समध्ये ठेवली.

मुंबईच्या विमानतळावर दोघे ग्रीन चॅनलमधून बाहेर पडले. पिशवीत केशर आणि खजूर होते. कुणी थांबवले असते, तरी दोघांनाही घाबरण्याचे कारण नव्हते.

खरेदीला निघण्यापूर्वी

* अंगावर मौल्यवान दागिने घालून परदेशी जाणार असाल, तर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना ते आपलेच आहेत हे दाखवता येते.

* शुल्क लागू होणारी वस्तू आणली असेल तर रेड चॅनलकडे जा. बिल हाताशी ठेवा.

* दुबईत व्हॅट परत हवा असेल तर एका बिलाची खरेदी किमान 250 दिरहमची हवी. पासपोर्ट सोबत न्या. विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी पडताळणी करून घ्या.

* कोणासाठी काय घ्यायचे, हे घरीच बोलून ठरवा. आणि यादीत बायकोचे नाव आहे ना, हेही पाहा!