आयसीयूत मशीन मोजतं, सिस्टर तपासतात

गैरसमज: मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ दिसतोय, म्हणजे पेशंटचा श्वास ठीक आहे.

वस्तुस्थिती: बोटाला लावलेला ऑक्सिमीटर शरीरात साचणारा कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. नाकाला ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावत असतानाही आकडा बराच वेळ चांगला राहू शकतो. म्हणून सिस्टर छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. हात थंड पडले तर ऑक्सिमीटरचाही भरवसा राहत नाही. बोटाचं टोक दाबून सोडल्यावर लाली परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले, तर रक्तपुरवठा कमी पडत असल्याची शंका घेतात. युरोबॅगमधली लघवी तासातासाला मोजतात. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली व्हायला हवी. रक्तदाब अजून बरा दिसत असतानाच ती कमी होऊ लागते, असं पुष्कळदा घडतं.

गैरसमज: गुंगीचं औषध चालू आहे, त्याला काही कळत नाही, दुखतही नाही.

वस्तुस्थिती: हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. गुंगी आली म्हणून वेदना थांबत नाही. घशात नळी असलेल्या माणसाला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही. कूस बदलताना, कफ ओढताना कळ मात्र येते. ती ओळखायला सिस्टर चार गोष्टी बघतात: चेहरा, अंगाची हालचाल, हात हलवून पाहताना जाणवणारा ताठरपणा, आणि पेशंट व्हेंटिलेटरशी जुळवून घेतोय की खोकत झगडतोय. प्रत्येकीला ० ते २ गुण. ८ पैकी ३ किंवा जास्त झाले, तर त्याला दुखतंय असं धरतात. अशा वेळी नुसती गुंगी वाढवली तर कपाळावरची आठी जाईल, वेदना तशीच राहील. म्हणूनच आधी वेदनाशामक, मग लागेल तेवढीच गुंगी.

गैरसमज: सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढणं, जितकं जास्त, तितकी छाती स्वच्छ.

वस्तुस्थिती: घरघर ऐकू आली, नळीत कफ दिसला, व्हेंटिलेटरचा दाब वाढला, तरच सक्शन करायचं. आधी १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा आणि १५ सेकंदांच्या आत सक्शनची नळी बाहेर. विनाकारण केलं तर ऑक्सिजन घसरतो, श्वासनलिकेला इजा होते.

गैरसमज: बाबा काल ओरडत होते, आज शांत पडलेत, सुधारणा आहे.

वस्तुस्थिती: असेलही. पण आयसीयूतला भ्रम नेहमी आरडाओरडा करत येत नाही. गप्प, मलूल पेशंटमधला भ्रम तर हमखास नजरेतून सुटतो. सिस्टर एकेक करून १० अक्षरं म्हणतात आणि ‘ए’ ऐकलं की हात दाबायला सांगतात. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं समजून पुढची तपासणी होते. इथे घरच्यांची खरी मदत होते. बाबांचा चष्मा आणि श्रवणयंत्र सिस्टरांकडे द्या. भेटीच्या वेळेत त्यांना आज कोणता वार आहे, ते कुठे आहेत, घरी कोण वाट पाहतंय हे सांगा. आणि ‘हे असे कधीच नसतात’ असं वाटलं, तर ते सिस्टरांना लगेच सांगा. त्यांचा रोजचा स्वभाव तुम्हालाच ठाऊक असतो.