परदेशातला पगार आणि परताव्याचा हिशोब

तात्पुरत्या कामगिरीवर ब्रिटनला गेलेला पुण्याचा अभियंता वर्षाच्या मध्येच परत येतो, तेव्हा त्याच्या पगारातून कापलेल्या करातली बरीचशी रक्कम तिथल्या सरकारकडे जास्तीची पडून असते. मागितली नाही तर ती कायमची जाते. हा परतावा निर्माण का होतो, हे समजून घेण्यासाठी 1944 पर्यंत मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये प्राप्तिकर कामगारवर्गापर्यंत पोचला आणि वर्षाअखेरीस एकरकमी वसुली अवघड झाली. तेव्हा पगारातूनच कर कापण्याची ‘पे-ॲज-यू-अर्न’ पद्धत 6 एप्रिल 1944 पासून सुरू झाली. तिच्या शिल्पकारांत पॉल चेंबर्स हे नाव आघाडीचे. हेच चेंबर्स त्याआधी हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. आपल्याकडच्या 1939 च्या दुरुस्तीने प्राप्तिकर कायद्यात निवासाची कसोटी आणली. वर्षात 182 दिवस देशात राहणारा निवासी, हे सूत्र तेव्हापासूनचे. आजचा परतणारा अभियंता या दोन्ही व्यवस्थांच्या कात्रीत सापडतो.

ब्रिटनची पद्धत असे गृहीत धरते, की माणूस वर्षभर कमावणार आहे. म्हणून 12,570 पौंडांची करमुक्त मर्यादा बारा महिन्यांत वाटली जाते. समजा, 2025-26 मध्ये एकाने एप्रिल ते सप्टेंबर दरमहा 3,000 पौंड मिळवले आणि त्या वर्षापुरता तो ब्रिटनचा निवासी ठरला. कमाई 18,000. सहा महिन्यांच्या वाट्याची मर्यादा 6,285. उरलेल्या 11,715 पौंडांवर 20 टक्क्यांनी 2,343 पौंड कापले जातात. मर्यादा मात्र वर्षाची आहे आणि तो गेला म्हणून ती अर्धी होत नाही. पूर्ण मर्यादा वजा केली, तर 5,430 वर कर होतो 1,086. फरक 1,257 पौंड. परतावा म्हणजे कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. तो हा फरक आहे.

मागण्याची रीत साधी आहे. नोकरी संपताना मालकाकडून ‘पी 45’ घ्यायचा आणि देश सोडल्याचे ‘पी 85’ या अर्जाने करखात्याला कळवायचे. अर्जाला शुल्क नाही, तरी परताव्यातला वाटा घेणारे दलाल पुष्कळ आहेत. मुदत करवर्ष संपल्यापासून चार वर्षांची, म्हणजे वरच्या उदाहरणात 5 एप्रिल 2030 पर्यंत. पगारातून नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी कापली गेली असेल, तर ती प्राप्तिकर नव्हे आणि या हिशोबात परत येत नाही.

आता भारताची बाजू. तोच माणूस 1 ऑक्टोबरला परतला, तर 31 मार्चपर्यंत त्याचे 182 दिवस भरतात. तो इथला निवासी ठरतो आणि थोड्या काळासाठीच बाहेर गेलेला असल्यास ब्रिटनचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. दोनदा कर बसू नये म्हणून 1993 चा भारत-ब्रिटन करार आहे. तिथल्या कराची वजावट इथे मिळते. पण ती तिथे देय असलेल्या कराची, कापलेल्या रकमेची नव्हे. म्हणजे श्रेय मिळू शकते ते 1,086 पौंडांचे. उरलेले 1,257 तिथे मागितले नाहीत, तर इथेही त्यांना कोणी वाली नाही.

शेवटचा प्रश्न मालकीचा. अनेक कंपन्या कामगिरीवर पाठवताना हाती पडणाऱ्या पगाराची हमी देतात आणि परदेशातला कर स्वतः भरतात. अशा करारात परतावा बहुधा कंपनीचा असतो, पण धनादेश निघतो कर्मचाऱ्याच्या नावाने. म्हणून विमानात बसण्यापूर्वी करारातले ते एक कलम वाचावे आणि पगाराच्या चिठ्ठ्या, ‘पी 45’ व प्रवासाच्या तारखा जपून ठेवाव्यात. परतल्यावर सहा महिन्यांनी परदेशातल्या जुन्या कचेरीकडून हे कागद मिळवणे फार कठीण जाते, आणि कागदांशिवाय आपलाच पैसा आपला असल्याचे सिद्ध करता येत नाही.