एक गाव, एक संघ

सोयाबीन घरात आलं, तुरीला शेंगा धरल्या, की वाशीम जिल्ह्यात गावोगावी फ्लेक्स लागतात: 'कबड्डीचे भव्य खुले सामने'. खाली पहिलं, दुसरं, तिसरं बक्षीस, प्रत्येकासमोर देणाऱ्याचं नाव आणि बहुतेक वेळा कुणा दिवंगताच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठेवलेला चषक. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा आणि खुद्द वाशीम, सगळ्या तालुक्यांत थोड्याफार फरकानं हेच. सामने भरवतं ते गावातल्या पोरांचं मंडळ. नाव बजरंगाचं, भवानीचं, शिवछत्रपतींचं, एकलव्याचं, तांड्यावर असेल तर सेवालाल महाराजांचं.

मैदानाची तयारी आधीपासून चालते. आपल्याकडची माती काळी. ओली असली तर पायाला चिकटते, वाळली की भेगाळते आणि ढेकळं गुडघे फोडतात. म्हणून आधी खडे वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, वाफसा आला की माती पुन्हा भुसभुशीत करून सपाट करायची. मग दोरी ताणून १३ मीटर लांब, १० मीटर रुंद मैदान आखायचं. मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणखी एक मीटर मागे बोनस रेषा, सगळं फक्कीनं. रात्री हॅलोजन लागतात, माईक खरखरतो आणि बाया-बापे, लेकरं मैदानाला वेढा घालून बसतात. चढाईला आलेल्या गड्याकडे तीस सेकंद असतात. कोपऱ्यातला पोरगा वाकलेला, त्याची नजर समोरच्याच्या तोंडाकडे नसते, पायाकडे असते. बोनससाठी पाय लांबला, की तो घोट्याला बिलगतो आणि बाकीचे तिघे-चौघे वरून कोसळतात. पंचाची शिट्टी वाजेपर्यंत हात मध्यरेषेकडे सरपटत असतो. हे ज्यानं गर्दीत बसून पाहिलं, त्याला गावाची अब्रू पणाला लागणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

गावासाठी खेळण्याची ही ओढ आयर्लंडनं फार पक्की बांधून ठेवली. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात मूठभर माणसं जमली. बोलावणारा मायकेल कुसॅक हा शिक्षक. पहिला अध्यक्ष मॉरिस डेव्हिन, नावाजलेला ॲथलीट. इंग्रजी खेळांच्या लाटेत आपले खेळ बुडू नयेत म्हणून त्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. खेळ मुख्यतः दोन. अॅश लाकडाच्या काठीनं चेंडू फटकावायचा हर्लिंग आणि हातापायांनी खेळायचा गेलिक फुटबॉल. दोन्हींत पंधरा-पंधरा गडी. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक आश्रयदाते झाले, डब्लिनच्या मुख्य मैदानाला त्यांचंच नाव आहे. आज तिथे ८२ हजारांहून जास्त माणसं बसतात.

पण संघटनेचा पाया त्या मैदानात नाही, पॅरिशमध्ये आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी गावं-वाड्या. एका पॅरिशचा साधारणपणे एक क्लब, आणि बऱ्याच काउंटींत आजही नियम आहे की ज्या पॅरिशचे तुम्ही, त्याच क्लबकडून खेळायचं. खेळाडूला मानधन नाही. अखिल आयर्लंडचा अंतिम सामना भरल्या क्रोक पार्कमध्ये जिंकलेला गडीसुद्धा पुढच्या आठवड्यात शाळेत शिकवायला, शेतावर किंवा कचेरीत कामाला जातो. मैदान विश्वस्तांमार्फत संघटनेच्या मालकीचं. सहा-सात वर्षांच्या पोरांपासून संघ असतात आणि त्यांना शिकवतात ते गावातलेच आई-बाप, जुने खेळाडू.

याचं फळ पाहायचं तर किल्केनी काउंटीतलं बॅलीहेल पाहावं. गाव काही शे वस्तीचं. तिथला शॅमरॉक्स क्लब १९७२ साली आत्ताच्या रूपात आला आणि हर्लिंगमधलं अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद त्यानं नऊ वेळा जिंकलं. इतकी विजेतेपदं दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे नाहीत. काउंटीकडून दहा अखिल आयर्लंड पदकं मिळवणारा हेन्री शेफलिन इथलाच. खेळ सोडल्यावर त्यानं याच क्लबचं प्रशिक्षण हाती घेतलं.

या खेळांना रक्ताचाही इतिहास आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिन आणि टिपररी यांचा फुटबॉल सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कमध्ये गोळीबार केला. १४ माणसं गेली. त्यांतला मायकेल होगन हा टिपररीचा खेळाडू, ग्रेंजमॉकलर या लहानशा पॅरिशचा. आज मैदानाच्या एका अख्ख्या स्टँडला त्याचं नाव आहे.

वऱ्हाडातही त्याच काळात तसंच बी पडलं होतं. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी अमरावतीत आखाड्याचं काम सुरू केलं. तेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. हुतात्मा राजगुरूंचं नाव या आखाड्याशी जोडलेलं आहे. व्यायाम आणि स्वातंत्र्य यांत त्या पिढीनं भिंत घातली नव्हती, डब्लिनलाही नाही आणि अमरावतीलाही नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं जगासमोर कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. प्रो कबड्डी २०१४ ची, त्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या शाळकरी पोरांना प्रो कबड्डीतल्या संघांची नावं पाठ असतात, वैद्य बंधूंची नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी प्रार्थनेच्या जोडीला व्यायाम गावागावात नेला.

म्हणजे वारसा होता, माणसं होती, पोरांच्या अंगात रग तर आजही आहे. मग वाशीमच्या एखाद्या गावचं मंडळ तीस-चाळीस वर्षं सलग का टिकत नाही?

माझ्या मते पहिलं कारण जागेचं. गावातली बरीचशी मंडळं कुणाच्या तरी रिकाम्या वावरात, शाळेच्या आवारात किंवा ई-क्लास जमिनीच्या तुकड्यावर खेळतात. वावर पेरलं, आवारात नवी खोली बांधली, ई-क्लासवर अतिक्रमण झालं, की खेळ संपला. बॅलीहेलच्या पोराला मैदान शोधावं लागत नाही.

दुसरं कारण बक्षिसाच्या रकमेचं. रक्कम वाढली तसे बाहेरून बोलावलेले गडी आले. छातीवर नाव आपल्या गावचं आणि चढाई करणारा शंभर कोसांवरचा, सामन्याचे पैसे ठरवून आलेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, खेळावर पोट भरायचा त्याला हक्क आहे. पण त्यानं जागा घेतली ती वर्षभर सकाळी मैदानावर घाम गाळणाऱ्या गावच्या पोराची. तो पोरगा पुढच्या हंगामात येत नाही आणि पाहणाऱ्यांचाही जीव हळूहळू उडतो. काही आयोजक आता 'एक गाव, एक संघ' अशी अट घालून आधारकार्ड तपासतात. आयर्लंडनं वर्षानुवर्षं जपलेला नियम तो हाच, आणि आपल्या मातीत तो पोरांनी स्वतःच्या अनुभवातून काढला आहे. तो प्रत्येक फ्लेक्सवर यायला हवा.

तिसरी गोष्ट मुलींची. शाळेच्या संघात त्या जीव तोडून खेळतात, दहावी-बारावी झाली की मैदान सुटतं, कारण गावच्या मंडळात त्यांचा संघच नसतो. आयर्लंडमध्ये बायकांच्या हर्लिंगची, म्हणजे कॅमोगीची, संघटना १९०४ पासून आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला, तेव्हा कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. पोरींच्या अंगात बळ नाही असं म्हणायची सोय आता कुणालाच उरलेली नाही.

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरत आला आहे, म्हणजे इथल्या पोराला पुढची वाट मोकळी आहे. तिथवर जायला त्याला लागतं ते वर्षाचे बारा महिने उघडं असलेलं मैदान आणि बक्षीस वाटून झाल्यावरही जागं राहणारं मंडळ.

कामं अवघड नाहीत. मंडळाची धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदणी करावी. वर्गणीचा हिशेब दरवर्षी चावडीवर लावावा. बारा वर्षांखालच्या पोरा-पोरींचा संघ आधी बांधावा, खुल्या गटाचा नंतर. क्रीडांगण विकासासाठी शासनाचं अनुदान असतं, त्यासाठी ग्रामपंचायतीनं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जावं. आणि या सगळ्याच्या आधी जागा कागदावर आणावी, कारण ती नसेल तर बाकीचं हंगामापुरतंच टिकतं. दिवाळीनंतरची मोठी ग्रामसभा २६ जानेवारीला असते. गावचं मैदान म्हणून जागा राखून ठेवण्याचा ठराव त्या दिवशी मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.