ओळख दोन्ही बाजूंची

घरच्या वायफायला एकच पासवर्ड असतो. तो पाहुण्याला सांगितला की काम झाले. विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत मात्र आधी नाव मागतात, मग पासवर्ड, मग ‘सीए सर्टिफिकेट’ नावाची एक अगम्य चौकट पुढे येते, आणि एवढे सगळे भरूनही लॅपटॉप ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ म्हणून हात वर करतो. पासवर्ड चुकला की यंत्रणा बंद आहे, यातले तो काहीच सांगत नाही. पुष्कळ अभ्यासक मग फोनचा हॉटस्पॉट लावून मोकळे होतात.

हे इतके अवघड का झाले, याला थोडा इतिहास आहे. १९९७ साली वायफायचे पहिले मानक आले, तेव्हा त्याच्यासोबत ‘वेप’ नावाचे कुलूप होते. तारेच्या नेटवर्काइतकीच गोपनीयता, असा त्या नावातच दावा होता. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शामिर या तिघांनी त्या कुलपातली फट दाखवून दिली. त्याच वर्षी ‘८०२.१एक्स’ हे मानक आले. त्याचा जन्म भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटसाठी झालेला. तार खुपसणारा कोण, हे कळल्याखेरीज दार उघडायचे नाही, एवढेच त्याचे काम. संस्थांनी तेच वायफायच्या दारावर बसवले. आतल्या खोलीत नावे तपासणारा जो ‘रेडियस’ सर्व्हर बसतो, तो तर त्याहून जुना, मोडेम किरकिरत असे त्या डायल-अपच्या काळातला.

यातूनच ‘एज्युरोम’ निघाले. नेदरलँड्समधल्या सर्फनेटच्या क्लास विरेंगा यांनी २००२ मध्ये ती कल्पना मांडली. एका विद्यापीठाचा माणूस दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर त्याला आपल्याच नावापासवर्डाने तिथले वायफाय मिळावे. भारतात ही व्यवस्था अर्नेट इंडिया सांभाळते. समजा, पुण्याच्या संस्थेतली प्राध्यापिका ॲमस्टरडॅमला गेली. तिथल्या विद्यापीठाला तिचा पासवर्ड कळत नाही, आणि कळायचे कारणही नाही. ते फक्त तिच्या नावातल्या ‘ॲट द रेट’ चिन्हापुढचा भाग वाचते आणि चौकशी देशोदेशींच्या सर्व्हरांतून पुण्याकडे धाडते. पासवर्ड बंद पाकिटात जातो. ते पाकीट पुण्यालाच उघडते. तिथून फक्त होकार किंवा नकार परततो.

म्हणूनच एक चूक फार फसवी ठरते. कित्येक संस्थांत नुसते नाव टाकले, पुढचा पत्ता गाळला, तरी वायफाय चालते, कारण चौकशी घरातच असते. वर्षभर सुरळीत चाललेला लॅपटॉप परगावी पहिल्याच दिवशी अडतो. यजमानांच्या तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नसतो. पाकिटावर गावच लिहिलेले नसेल, तर तो बिचारा ते पाठवणार कुठे?

आता ती सर्टिफिकेटची चौकट. वायफायला नाव कोणीही कोणतेही देऊ शकते. तुमच्या संस्थेच्याच नावाचे खोटे वायफाय एखादा माणूस बॅगेतल्या उपकरणातून सोडू शकतो, आणि लॅपटॉपला नावावरून फरक कळत नाही. तेव्हा संस्थेने तुमची ओळख विचारण्याआधी तुमच्या लॅपटॉपने संस्थेची ओळख विचारायची असते, आणि सर्टिफिकेट हेच तिचे ओळखपत्र. ते न पाहता बंद पाकीट दिले, तर पाकीट उघडणारा भलताच निघू शकतो. पासवर्ड पाठवण्याची ‘पॅप’ पद्धत असेल, तर तो त्याला जसाच्या तसा मिळतो. जास्त वापरातल्या ‘एमएसचॅप’ पद्धतीत पासवर्ड उघडा जात नाही, पण २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवले, की ते कोडे सोडवणे म्हणजे ५६ बिटांची एक जुनी किल्ली शोधणे, एवढेच काम आहे. आणि हाच पासवर्ड बहुधा ईमेलचा, पगाराच्या पावतीचा, परीक्षेच्या गुणांचाही असतो.

असे असूनही किती तरी संस्थांच्या सूचनापत्रकात आजवर एकच तोडगा छापलेला असे: ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवडा. म्हणजे ओळखपत्र पाहू नका! वापरणाऱ्याला दोष देणे सोपे, पण ही सवय संस्थांनीच लावली, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०२० मधल्या अपडेटने पिक्सेल फोनांवरच्या अँड्रॉइड ११ मधून तो पर्यायच काढून टाकला, आणि मग ठिकठिकाणी ‘फोन बिघडले’ अशी ओरड झाली. २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आल्यावर असेच घडले: त्यातल्या नव्या ओपनएसएसएलने जुन्या, असुरक्षित रीतीने बोलणाऱ्या सर्व्हरांशी बोलणेच नाकारले. पासवर्ड बरोबर, सिग्नल भरपूर, तरी जोडणी नाही.

एक कारण मात्र अगदी घरगुती. सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते. जुन्या लॅपटॉपच्या आतली बारीक बॅटरी संपली, की घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि आजचे सर्टिफिकेट त्याला ‘अजून जन्मायचे’ दिसते. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप सुधारते खरे, पण इंटरनेटच तर मिळत नाही. तारीख हाताने लावावी लागते.

हेही करून अडले, तर साठवलेले नेटवर्क ‘फरगेट’ करून संस्थेच्या संगणक विभागात जावे. तिथे पासवर्ड बदलून मागण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या रेडियस सर्व्हरचे पूर्ण नाव काय, आणि त्याचे सर्टिफिकेट कोणी दिले आहे. संस्था एज्युरोममध्ये असेल, तर ‘कॅट’ नावाचा छोटा प्रोग्राम ही माहिती लॅपटॉपमध्ये स्वतःच भरतो. मात्र तो परगावी निघण्यापूर्वी, घरच्या नेटवर बसवून घ्यावा.