हरवलेले यंत्र, दडवलेले सत्य

अण्वस्त्रे हरवतात, हे विधान प्रथमदर्शनी कोणालाही अतिशयोक्त वाटेल. परंतु १९५० ते १९८० या काळातील अण्वस्त्रांच्या ३२ अपघातांची यादी अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच १९८१ साली प्रसिद्ध केली. ५ डिसेंबर १९६५ रोजी ‘टिकॉन्डेरोगा’ या युद्धनौकेवरून एक विमान वैमानिक व अणुबाँबसह पॅसिफिकमध्ये बुडाले. ते ठिकाण ओकिनावाच्या किती जवळ होते, हे उघड व्हायला १९८९ साल उजाडावे लागले.

त्याच सुमारास आपल्या हिमालयातही असेच काही घडले होते. १९६४ साली चीनने अणुस्फोट केला. त्याच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी अमेरिकी व भारतीय गुप्तचरांनी नंदादेवी शिखरावर उपकरण बसविण्याचा घाट घातला. ऑक्टोबर १९६५ मध्ये हिमवादळामुळे गिर्यारोहकांना त्याचे प्लुटोनियमवर चालणारे वीजजनित्र वाटेतच बांधून ठेवून परतावे लागले. पुढल्या वर्षी ते तेथे नव्हते. आजतागायत सापडलेले नाही.

देशाला हे कळले १९७८ साली, तेही एका अमेरिकी मासिकाने बभ्रा केल्यावर. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत कबुली दिली आणि शास्त्रज्ञांची समिती नेमली. समितीने धोका अल्प मानला. तरी पाण्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले.

हे जनित्र बाँबप्रमाणे फुटणार नाही, हे खरे. पण प्लुटोनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ८८ वर्षे लागतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला प्रलयंकारी लोंढा आला, तेव्हा रैणीच्या ग्रामस्थांचा संशय या यंत्रावर गेला. खडक व बर्फाचा कडा कोसळल्याने तो आला, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तथापि ज्यांच्यापासून १३ वर्षे सत्य दडवले गेले, त्यांनी शंका घेतली तर दोष कोणाचा?

शत्रूपासून गुपिते राखणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच आहे. पण नदीकाठच्या प्रजेला शत्रूच्या रांगेत बसविता येत नाही. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे जिल्हाधिकाऱ्यांपासून चिखलीच्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. त्या आकड्याच्या भरवशावर माणसे गुरे सोडतात, घरे रिकामी करतात. ऋषिगंगेच्या पाण्यातील किरणोत्साराची मोजणीही अशीच नियमाने व्हावी आणि तिचा आकडा रैणीच्या लोकांना घरबसल्या कळावा. यंत्र शोधणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असेल. खरे सांगणे तसे नाही.