परत फिरण्याची वाट

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी बेळगावकडील भाविक जुने गोवे येथे पायी जातात. काही वर्षांपूर्वी आम्हीही दहाबारा जण जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या मार्गाने निघालो होतो.

कणकुंबीचा हा रानमुलूख मोठा नवलाचा! मलप्रभा तेथे उगम पावते, पूर्वेस वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात म्हादई जन्मते; तीच पुढे मांडवी होऊन जुन्या गोव्यावरून अरबी समुद्रास जाते. एकाच पावसाचे दोन थेंब. डोंगराच्या माथ्यावर जरासे इकडे वा तिकडे पडले, की त्यांचे समुद्रच निराळे!

घाटातील वळणे आम्हांस कंटाळवाणी वाटू लागली. मधूनच एक पायवाट दिसली. हळू चालणाऱ्या मावशींना व इतर वृद्धांना "तुम्ही रस्त्याने या," असे सांगून आम्ही पाच जण तीत शिरलो. सोबत दहा वर्षांचा एक मुलगाही होता. आरंभी वाट रुंद होती. पुढे फांद्या कमरेइतक्या खाली आल्या, चिखलात गव्यांचे खूर उमटलेले दिसले. ही माणसांची नव्हे, जनावरांची वाट आहे, हे तेव्हाच उमगले. तरीही अर्धा तास आम्ही उतरतच राहिलो. पुढारीपण आमच्याकडे होते, आणि "चुकलो" हा शब्द काही केल्या जिभेवर येईना.

पाणी संपले. दाट झाडीत उजेड लवकर मावळू लागला. अखेर त्या मुलानेच विचारले, "काका, आलो ती वाट अजून दिसते ना? मग परत जाऊ या की!"

त्या चढाने आमचा अहंकार पुरता जिरविला. तिन्हीसांजेला रस्त्यावर पोहोचलो, तेव्हा एका मोरीच्या कठड्यावर मावशी मंडळी आमच्यासाठी जपमाळ म्हणत बसली होती. कोणी एका शब्दानेही बोलले नाही. मावशींनी केवळ पाण्याची बाटली पुढे केली.

रानात वाट चुकल्यास पुढे रेटू नये, थांबावे. खूण ओळखीची असेतो मागे फिरावे, आणि सर्वांत मंद पावलाच्या सोबत्यास कधी सोडू नये. घरातही हेच नव्हे काय? बांधावरून भावाभावांत तुटलेले बोलणे, दारूपायी वाढलेले कर्ज, आईवडिलांस लागलेला शब्द. या प्रत्येक वाटेवर आपण "चुकलो" म्हणण्याच्या लाजेने खाली उतरत जातो. अंधार मात्र कोणासाठी थांबत नाही.

उताराला लागलेल्या पाण्यास परत फिरता येत नाही, माणसास येते. उधळ्या पुत्रास ते साधले, कारण तो उठला आणि निघाला. हा सण आगमनकाळातच येतो. वाचकहो, पापनिवेदनास जाण्यापूर्वी, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी एकदा जाऊन येऊ या. तोही कदाचित रस्त्याच्या कडेला आपली वाट पाहत बसला असेल.